वरातीच्या घोडीची खाज: इंजेक्शनच्या आधी काय पाहायचं

नागपुरातल्या कामठी रोडकडच्या एका घोडेवाल्यांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे वरातीला जाणारी सहा-सात वर्षांची पांढरी नुकरी घोडी आहे आणि सोबतीला एक तेलिया, म्हणजे काळपट तपकिरी घोडा. पाऊस लागला की घोडी खांबाला, भिंतीला, लोखंडी फाटकाला मान आणि शेपटी घासायला लागते. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत होईपर्यंत आयाळ अर्धी उडालेली असते आणि शेपटीच्या मुळाशी कातडं सोलून लस वाहते. दिवाळीनंतर आपोआप कमी होतं. गेली तीन वर्षं हेच, आणि दरवर्षी आधीपेक्षा जास्त. घोड्याला मात्र काहीच नाही. गावातला एक जण येऊन ‘एव्हिल-डेक्सा’ (ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड) टोचून जातो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा सुरू. यंदा वर आणखी एक भर पडली: आठवडाभरापासून मानेवर आणि बरगड्यांवर रुपयाएवढ्या गांधी, म्हणजे फुगीर चट्टे, उठतात आणि जातात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नांचा सीझन सुरू होईल, त्याआधी कायमचं इंजेक्शन सांगा, घोड्याला लागण होईल का तेही सांगा, आणि करंजाचं तेल लावू का, असं त्यांचं म्हणणं.

आधी थेट उत्तर देतो. आयाळ आणि शेपटीची जी खाज आहे ती जवळजवळ नक्की चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आहे. ती घोड्याला लागणार नाही. तिच्यावर कायमचं इंजेक्शन नाही आणि तसं कोणी विकत असेल तर घेऊ नका. यंदाच्या गांधी ही वेगळी भानगड असू शकते. म्हणून उद्या सकाळी घोडी कामाला नेण्याआधी तिचा ताप मोजा. तो मोजल्याशिवाय आणखी डेक्सा टोचू देऊ नका. का, ते खाली येतंच.

घोड्याच्या खाजेत मी रक्त तपासायच्या आधी दोन गोष्टी विचारतो: अंगावर नेमकी कुठे, आणि दिवसाच्या व वर्षाच्या कुठल्या वेळी. निम्मं निदान तिथेच होतं. तुमच्या घोडीची जागा आयाळ, खांद्यामागचा उंचवटा आणि शेपटीचं मूळ. वेळ पावसाळा ते दिवाळी. एकाच ठाणावर दोन जनावरं असून एकालाच त्रास, आणि दरवर्षी वाढत जाणारा. चिलटांच्या ॲलर्जीचं हे पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे. ती साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात डोकं वर काढते, म्हणजे तोही हिशेब बसतो.

हे चिलट डासापेक्षा कितीतरी लहान, एक ते तीन मिलिमीटरचं. रक्त फक्त मादी पिते. चावताना ती लाळ सोडते आणि त्या लाळेतल्या प्रथिनांवर काही घोड्यांचं शरीर नको इतकं भडकतं. चावे दोन्ही जनावरांना सारखेच बसतात, पण घोड्याचं शरीर ते सोडून देतं आणि घोडीचं सोडत नाही. आइसलँडमध्ये ही चिलटं नसल्यातच जमा. तिथले घोडे मोठे झाल्यावर युरोपात विकले गेले की त्यांच्यात हा त्रास फार दिसतो, आणि त्याच जातीची युरोपात जन्मलेली शिंगरं पुष्कळ वाचतात. ॲलर्जी अंगात असते आणि चिलट तिला उठवतं, असा हा मामला. त्यामुळे औषधाने घोडी बदलत नाही. चिलट आणि घोडी यांची गाठ पडू न देणं एवढंच आपल्या हातात राहतं.

चिलट अंडी घालतं ओल्या, कुजक्या मातीत. नाल्याचा काठ, तळ्याचा चिखल, गोठ्यामागचा शेणाचा थर, नळाखाली कायम ओली राहणारी जागा. नागपुरात पावसाळ्यात अशा जागांची कमी नाही. नाग नदी, पिवळी नदी, त्यांना मिळणारे नाले, फुटाळ्यापासून गोरेवाड्यापर्यंतची तळी, आणि शहराच्या कडेने म्हशींचे गोठे. उबदार हवेत अंड्यापासून चावणारं चिलट तयार व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून जूनमध्ये पाऊस पडतो आणि जुलैत घोडी घासायला लागते. थंडी पडली की पिढी थांबते, तेव्हा तुम्हाला वाटतं दिवाळीच्या सुमाराचं इंजेक्शन लागू पडलं. लागू पडलेली असते ती थंडी.

त्याची कमजोरी मात्र आपल्या फायद्याची आहे. ते फार दुबळं उडतं. ताशी 8-10 किलोमीटरचा वाराही त्याला जड जातो, आणि बहुतेक चिलटं जिथे जन्मली तिथून काहीशे मीटरच्या आतच वावरतात. चावण्याची मुख्य वेळ संध्याकाळची तिन्हीसांज आणि पहाटेचं झुंजूमुंजू. ढगाळ, दमट, वारा पडलेल्या दिवशी दिवसभरही.

यावरून उपाय ठरतो, आणि तो कुठल्याही इंजेक्शनपेक्षा स्वस्त आहे. दिवस कलायच्या तासभर आधी घोडी आत घ्या, सकाळी ऊन चांगलं वर आल्यावरच बाहेर बांधा. आत तिच्या अंगावर पंखा सोडा. साधा टेबलफॅन नको. लग्नाच्या मांडवात असतो तो मोठा फर्राटा पंखा, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत वारा लागेल असा, वायर तिच्या तोंडाला आणि पायाला पोचणार नाही अशी वर बांधून. नागपूरकरांच्या घरी मे महिन्यातला कूलर ऑक्टोबरपर्यंत पडून असतो. तो चालेल, पण पाणी आणि वाळ्याची ताटी काढून, नुसता पंखा म्हणून. पावसाळ्यात कूलरमधलं पाणी म्हणजे आधीच दमट ठाणात आणखी दमटपणा, वर डासांची पैदास. रात्रभर पंखा चालला तर विजेचं बिल वाढेल हे खरं, पण चार दिवसांना एक डेक्सा याचा हिशेब एकदा मांडून पाहा.

जाळी लावायची तर डोळ्यांनी तपासून घ्या. बाजारातल्या साध्या मच्छरदाणीच्या भोकातून चिलट आरामात आत येतं. त्याहून बारीक विणीची जाळी हवी, किंवा जाळीवर पर्मेथ्रिनचा फवारा मारून वाळवून मग टांगायची. अंगावर घालायची झूलही हाच विचार करून शिवता येते. बारीक, हलकं, पांढरं जाळीचं कापड, मानेवरून आयाळीच्या मुळापर्यंत, पोटाखाली पट्टा, मागे शेपटीच्या मुळावर झडप. शिंपी हसेल, पण शिवून देईल. वरातीची जरीची झूल या कामाची नाही. तिच्याखाली घाम साचतो आणि खाज दुप्पट होते.

ठाणाभोवतीचं शेण रोज उचला आणि उकिरडा शक्य तितका लांब न्या. नळाखाली मुरूम टाका, डबकं बुजवा. शेजारच्या गोठ्याचं शेण तुमच्या हातात नाही, ते मला कळतं. मग घोडी रात्री कुठल्या बाजूला बांधायची एवढं तर ठरवता येईल: गोठ्यापासून लांबची, वारा खेळणारी बाजू.

अंगाला काय लावायचं? करंजाच्या तेलाचं विचारलंत, तर लावा. तेलाचा थर असला की इतक्या बारीक किड्याला कातडीपर्यंत पोचणं अवघड जातं, हे साधं कारण. तेल गोड्या तेलात मिसळून सौम्य करा, आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून एक दिवस पाहा, आणि सोललेल्या, लस वाहणाऱ्या भागावर लावूच नका. संध्याकाळी लावा, भर उन्हात नाही. कडुनिंबाच्या तेलालाही हेच नियम. मेडिकलमध्ये माणसांच्या खरजेसाठी मिळणारं बेंझिल बेंझोएटचं लोशनही चिलटांना दूर ठेवतं. आयाळ आणि शेपटीच्या मुळाशी रोज लागतं आणि तेही सोललेल्या जागी झोंबतं. पर्मेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची घोड्यासाठीची औषधं पाठीच्या रेषेवर लावता येतात. त्यांचं प्रमाण बाटलीवर वाचा. घरात मांजर असेल तर ओल्या औषधापासून तिला लांब ठेवा, पर्मेथ्रिन मांजराला विष आहे.

आता एक गोष्ट जी मी ओरडून सांगतो. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी अमिट्राझ नावाचं औषध सगळीकडे मिळतं. गोठेवाला शेजारी असला की प्रेमाने अर्धी बाटली देतो. ते घोड्याच्या अंगाला लावू नका. अमिट्राझने घोड्याची आतडी मंदावतात, शेण अडतं, पोटशूळ होतो आणि जनावर दगावू शकतं. गाईला चालतं म्हणून घोड्याला चालेल हा हिशेब औषधाच्या बाबतीत मोडीत काढा. जळकं ऑईल, रॉकेल, फिनेल, कपड्याची पावडर हेही तसंच. जळक्या ऑईलने खाज थांबल्यासारखी वाटते, कारण कातडं जळून बधिर होतं. मग आठवड्याने ते सोलून निघतं आणि आपण त्यालाच रोग म्हणतो.

आयव्हरमेक्टिनबद्दलही सांगून ठेवतो. घोड्यात ते तोंडाने द्यायच्या पेस्टमध्ये द्यावं. गाईचं इंजेक्शन घोड्याच्या मांसात टोचलं तर त्या जागी जंतू वाढून भयंकर गळू होण्याचा धोका असतो. शिवाय चिलटाच्या ॲलर्जीवर त्याचा उपयोगही नाही. तो जंतांवर, उवांवर, काही किड्यांवर.

डेक्साकडे येतो. डेक्सामेथासोन वाईट औषध नाही. घोडी स्वतःला रक्तबंबाळ करत असेल तर मीही देतो. प्रश्न आहे तो मोजमापाशिवाय, दर चार दिवसांनी, महिनोन्महिने देण्याचा. अशाने अंगातली रोगाशी लढायची ताकद मंदावते, जखमा भरत नाहीत, बुरशी वाढते. आणि घोड्यात सगळ्यात मोठी भीती खुरांच्या आतल्या सुजेची. स्थूल, गुबगुबीत मानेच्या घोडीत ती जास्त. वरातीच्या घोड्या हरभरा, गूळ आणि लग्नघरचे लाडू खाऊन अशाच होतात. पुढच्या टापा गरम लागल्या, घोडी वजन मागे टाकून उभी राहू लागली, वळताना लंगडू लागली तर खाज विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. गाभण घोडीत तर हे औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच.

देण्याची रीत अशी: आधी वजन काढायचं. काटा कोणाकडे नसतो, म्हणून टेप घ्या. तंग (खोगिराचा पोटपट्टा) बांधतो त्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 155 आणि लांबी 145 असेल तर वजन 293 किलोच्या आसपास येतं. नुसत्या नजरेने हेच लोक साडेतीनशे-चारशे सांगतात, आणि डोस त्यावर जातो. वजन कळलं की डॉक्टर बहुधा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतील, सकाळी एकदा, काही दिवस पूर्ण मात्रा आणि मग हळूहळू उतरवत, कमीत कमी जिथे खाज आटोक्यात राहील तिथपर्यंत. हे उतरवणंच लोक विसरतात. बरं वाटलं की बंद, खाज आली की पुन्हा पूर्ण, अशा झोक्यावर घोडी वर्षभर राहते.

एव्हिलसारखी अँटिहिस्टामिन घोड्यात बेभरवशाची आहेत. एखाद्या घोड्याला सेटिरिझिन किंवा हायड्रॉक्सिझिन छान लागू पडतं, शेजारच्याला काहीच नाही. द्यायचंच तर खाज सुरू व्हायच्या आधी, जूनपासून, रोज. चिडलेल्या कातडीवर मागाहून दिलेलं फारसं काही करत नाही.

सोललेली कातडी आधी शांत करा. गार पाण्याने धुवा, क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू दहा मिनिटं अंगावर राहू द्या, मग भरपूर पाण्याने काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. आठवड्यातून दोनदा पुरे. खरारा मऊ ब्रशने, लोखंडी खराऱ्याने नाही. तिला तो आवडेल, मान ताणून ओठ हलवेल, आणि तुम्हाला वाटेल आपण भलं करतोय. त्याच वेळी तुम्ही कातडी आणखी फाडत असता. घासायच्या खांबाला जुन्या टायरची ट्यूब गुंडाळा, खिळे आणि तारा काढा. जखमेवर माश्या बसू देऊ नका.

खाण्यात जवस द्या. विदर्भात जवस मुबलक आहे आणि घोड्याच्या कातडीला त्याचं तेल मानवतं. चिलटांच्या ॲलर्जीत थोडा फरक पडतो, चमत्कार नाही. दळून लगेच द्या किंवा नीट उकळून द्या. गार पाण्यात भिजत घालून रात्रभर ठेवू नका, तशात जवसातून विषारी द्रव्य सुटतं. आणि खाण्याचा विषय निघालाच आहे तर, ढेप-चुनीच्या जोडीला कोणी भंडारा-चंद्रपूरकडची लाखोळीची (लाखेच्या डाळीची) चुनी स्वस्तात देत असेल तर घोड्याला घालू नका. तिचा खाजेशी संबंध नाही, पण लाखोळीने घोड्याचा घसा आणि मागचे पाय लुळे पडतात.

आता गांधी. गांधी म्हणजे कातडीखाली पाणी साचून उठलेला उंचवटा. बोटाने दाबला की खळगा पडतो, केस शाबूत असतात, काही तासांत एका जागी जातो, दुसऱ्या जागी येतो. चिलटांच्या हंगामात ॲलर्जीवाल्या घोडीला त्या उठणं नवल नाही. नवं औषध, पेनिसिलिनसारखं इंजेक्शन, मुंग्या, मधमाश्या, बदललेलं कुटार, बुरशी आलेला कडबा, फवारा मारलेली पेंढी, काहीही कारण असू शकतं. बहुतेक गांधी एक-दोन दिवसांत स्वतःहून बसतात. गेल्या दहा दिवसांत काय बदललं ते आठवा आणि लिहून काढा. खाण्याची ॲलर्जी घोड्यात लोक समजतात तितकी नसते. तरी शंका असेल तर चार ते सहा आठवडे एकच साधा चारा, बाकी सगळं बंद, आणि मग एकेक पदार्थ परत, इतका धीर धरावा लागतो. रक्तावरच्या ॲलर्जी चाचण्यांवर पैसे घालायचा आग्रह मी धरत नाही. निरोगी घोड्यातही त्या चुकून होकार देतात.

पण ताप का मोजायचा? कारण सर्रा. गोमाश्या एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात तो परजीवी, ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यकाने 1880 साली डेरा इस्माईल खानला घोडे-उंटांच्या रक्तात तो पाहिला. तो आजही आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडे मारतो. त्यातही अंगावर गांधी उठतात आणि जातात. ताप चढउतार करतो, घोडी खात असून वाळत जाते, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, मागून झोकांड्या खाते. अशा घोडीला डेक्सा दिला तर गांधी बसतात, सगळे खूश होतात, आणि परजीवी मोकाट वाढतो. म्हणून सांगितलं, आधी थर्मामीटर. गुदद्वारात तीन मिनिटं, दोरीने शेपटीला बांधून, सकाळ-संध्याकाळ. निरोगी घोड्याचा ताप 99 ते 101 फॅरनहाइटच्या दरम्यान असतो. 102 च्या वर दिसला तर ताप असतानाच रक्ताचा नमुना काढून घ्या, कारण परजीवी तेव्हाच सापडण्याची शक्यता जास्त. सर्रा निघाला तर घोडा निरोगी दिसला तरी त्याचंही रक्त तपासायचं. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, कामठी रोडवरून काही लांब नाही. घोडी नेणं जमत नसेल तर नमुना कसा पाठवायचा ते आधी विचारून घ्या.

गांधींबरोबर पापण्या, ओठ, नाकपुड्या सुजल्या किंवा श्वासाला आवाज येऊ लागला तर मात्र थर्मामीटर शोधत बसू नका. ते तासांचं नाही, मिनिटांचं काम आहे. त्याच क्षणी डॉक्टरला फोन लावा, मोरखी सैल करा, तिला उघड्या हवेत शांत उभी करा, तोंडातून काही पाजू नका.

खाज नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती चुकून खाजेच्या यादीत येते आणि माणसाच्या जिवावर बेतते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मण्यांच्या माळेसारख्या ओळीत गाठी आल्या, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव वाहू लागला, किंवा नाकातून तसाच स्राव येत असेल, तर ती ग्लँडर्सची शंका धरा. हात लावू नका, धुऊ नका, तेल लावू नका. घोडी वेगळी बांधा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवायचा रोग आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते. माणसाला लागला तर तो जीवघेणा ठरतो. कळवलं तर घोडा जाईल या भीतीने लोक लपवतात, आणि मग तबेलाच्या तबेला जातो.

बाकी खाजांची ओळख भरभर करून देतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच निम्मं ओळखाल.

आयाळ ठीक, फक्त शेपटी घासतेय: गुदद्वाराजवळचे जंत. पहाटे अंग धुवायच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कडेला दाबून काढा आणि तपासायला द्या. शेणाच्या नेहमीच्या तपासणीत त्यांची अंडी सुटून जातात. जंताच्या औषधासोबत ती जागा रोज ओल्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर अंडी खांबाला, तोबऱ्याला चिकटून परत पोटात जातात.

डिसेंबर-जानेवारीत, केस वाढलेले असताना, मानेवर आणि खांद्यावर खाज आणि केसांच्या मुळाशी हलणारे बारीक पिवळट ठिपके: उवा. या मात्र दुसऱ्या घोड्याला लागतात, माणसावर राहत नाहीत. औषध अंड्यांना मारत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा.

पाय आपटणं आणि घोट्याजवळ चावणं: दिवसा असेल तर गोठेमाशी, जी कुजलेल्या, मुतात भिजलेल्या पेंढीत वाढते. रात्रीसुद्धा चालू असेल आणि पायाला खपल्या असतील तर बारीक किडे, त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पोटाच्या मधल्या रेषेवर खाज असेल तर माश्या, दुसऱ्या जातीची चिलटं, किंवा चिलटांनीच आणलेली मानेतल्या जंताची पिल्लं, ज्यांना आयव्हरमेक्टिन लागू पडतं.

पावसाळ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात, पायावर किंवा इंद्रियावर न भरणारी, खाजणारी, आतून तांदळाच्या कणीसारखे पिवळे दाणे निघणारी जखम: तुमचे जुने लोक बरसाती म्हणतात ती. पोटातल्या जंताची पिल्लं माशी जखमेवर आणून सोडते. नुसत्या मलमाने ती भरत नाही, जंताचं औषध आत द्यावं लागतं. आणि तसेच दाणे एका बुरशीसारख्या जंतूच्या जखमेतही निघतात, जो साचलेल्या पाण्यात असतो आणि झपाट्याने मांस खातो. म्हणून आठवड्यात उतार नसेल तर तुकडा तपासायला द्यावा.

झुलीखाली पाठीवर खपल्या, उपटल्या तर केसांचा झुपका ब्रशसारखा हातात येतो: भिजत राहिल्याने होणारा जंतूचा रोग. कोरडं ठेवा, खपल्या मऊ करून काढा, दुखत असतील तर ओढू नका. गोल, केस गेलेले, राखाडी कोंड्याचे चट्टे: गजकर्ण. खाज कमी, लागण फार, आणि माणसालाही. वरातवाल्यांत हा का फिरतो ते तुम्हाला माहीत आहे. एका रात्री तीन घोड्यांवर एकच खोगीर, तीच झूल, तोच तंग. सीझनमध्ये प्रत्येक जनावराचं सामान वेगळं ठेवा, निदान आतलं कापड तरी. खोगीर उन्हात घाला.

पांढऱ्या घोडीचं आणखी एक वेगळं दुखणं आहे. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, म्हणून नाक, डोळ्यांभोवती आणि पाठीवर ती उन्हाने भाजते. फक्त गुलाबी भागच लाल होऊन सोलत असेल आणि घोडी रायमुनियाच्या (घाणेरीच्या) झुडपांजवळ चरत असेल, तर यकृतावर परिणाम झाला असण्याची शक्यता धरा, तिला सावलीत बांधा आणि रक्त तपासा. गाजर गवतही तसंच सतावतं. 1955 च्या सुमारास पुण्याकडे दिसलेलं हे गवत आता कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर आहे. तोंडाला, पायांना लागून त्याची ॲलर्जी उठते. फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा, ठाणाखाली पसरू नका.

आणि वरातीचा साज: रंग, चमकी, डिंक, नवं क्रोमचं चामडं, कडक साबणाने धुतलेली झूल. ज्या आकाराचा पट्टा त्याच आकाराचा चट्टा दिसला तर दुसरं कारण शोधू नका. गिऱ्हाइकाला घोडीच्या अंगावर नक्षी हवी असेल तर ती कापडावर काढून द्या.

तुमच्या घोडीचं यंदाचं वेळापत्रक असं धरा. उद्यापासून पाच दिवस दोन वेळा ताप लिहा. ताप नसेल तर डॉक्टरकडून वजनावर गोळ्यांचा उतरता क्रम घ्या, आजच संध्याकाळपासून पंखा आणि आत बांधणं सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत घासणं कमी होईल. आयाळीचे केस मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत येणार नाहीत. मुळं जिवंत असतील तर पूर्ण लांबी यायला वर्षभर तरी लागतं. तोवर गिऱ्हाइकाला फुलांच्या माळेची आयाळ द्या, फोटोत ती जास्त उठून दिसते. पुढच्या वर्षी पंखा, जाळी आणि तेल जूनच्या पहिल्या आठवड्यातच, खाज सुरू व्हायच्या आधी. एकदा चिडलेली कातडी नंतर थोड्या चाव्यांनीही भडकते.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की पुढल्या वर्षी घोडी भरवायचा विचार आहे, पांढरं शिंगरू मिळालं तर बरं. हा त्रास रक्तात उतरतो. सगळ्या शिंगरांत नाही, पण निरोगी आईपेक्षा जास्त. तिला भरवू नका असंच मी सांगेन. तरी भरवणारच असाल तर घोडा बघायला पावसाळ्यात जा, सप्टेंबरमध्ये, हिवाळ्यात नाही. तेव्हा त्याची आयाळ आणि शेपटीचं मूळ बोटांनी उलटून पाहा, त्याच्या आधीच्या शिंगरांचीही विचारपूस करा. मालक जरीची झूल घालून दाखवायला लागला तर ती काढायला सांगा.